रेशीमघरातली दोरी

बाहेर लख्ख ऊन होतं आणि समोरच्या लांबट कौलारू खोलीतून पावसाचा आवाज येत होता. बारीक, सारखा, न थांबणारा. प्रेमा दारापाशीच उभी राहिली.

"अगं चल ना," मागून तिची आई सुलभाताई म्हणाली. "हंबीरराव वाट बघतायत."

"आत... पाऊस... कसा... पडतोय?"

एवढं बोलायला प्रेमाला वेळ लागला. पंचवीस वर्षांपूर्वी, तिच्या जन्माच्या वेळी, काहीतरी बिनसलं होतं. तेव्हापासून तिचे हात थरथरत, मान डाव्या खांद्याकडे ओढली जाई आणि एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागे. डोक्याने ती चांगली तल्लख होती, पण ते फार थोड्यांना ठाऊक होतं. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत लोक थांबत नसत. मध्येच स्वतः पुरं करून टाकत, आणि बहुधा चुकीचं करत. आताही पहिल्या दोन शब्दांनंतरच आई पिशवीत हात घालून म्हणाली, "तहान लागली का? थांब, देते पाणी."

"पाणी नाही मागत ती," आतून एक घोगरा आवाज आला. "पाऊस कसा पडतोय म्हणून विचारतेय. पाऊस नाही बाळ, जेवणं चाललीत. ये आत. चपला बाहेर काढ, माझ्या पाहुण्यांना धूळ चालत नाही."

आत भिंतीला लागून बांबूच्या मांडण्या होत्या. मांडण्यांवर बांबूचीच मोठी गोल ताटं, ताटांत तुतीचा हिरवागार पाला, आणि पाल्यावर पांढुरक्या, बोटाएवढ्या अळ्या. रेशमाचे किडे. एक किडा पान खातो तेव्हा काहीच ऐकू येत नाही. हजारो किडे एकदम खायला लागले, की मात्र तो आवाज थेट कौलांवरच्या झिमझिम पावसासारखा होतो. प्रेमाला हे उंबऱ्यावर उभ्या उभ्याच कळलं आणि तिचा सगळा चेहरा हसला.

बोलणारा म्हातारा एका ताटावर वाकून बोटांनी पाला सारखा करत होता. त्याच्या मिशा मोठ्या होत्या आणि डोळे पांढरे होते.

"मी मल्हारराव," तो म्हणाला. "मला दिसत नाही. तेव्हा तू कशी दिसतेस ते सांगू नकोस. आणखी काय विचारायचंय ते विचार."

आजवर प्रेमाला असं कुणी म्हणालं नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमाराची. बेंगळूर तेव्हा बनशंकरीच्या देवळापाशी संपत असे. देवळापुढे कनकपुऱ्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना नाचणीची रानं, आणि बस थांबवायला रस्त्यात उभं राहून हात करावा लागे. त्या रस्त्याला लागून हंबीररावांनी आपली वडिलार्जित जमीन घालून एक सहकारी वस्ती उभी केली होती. हंबीरराव फौजेत होते. एक हात तिथे गमावून परतले, आणि आपल्यासारख्यांनी कुणाच्या ओसरीवर बसून दिवस काढायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. वस्तीवर राहणारी सगळी माणसं मोठ्या वयाची आणि कशात ना कशात अधू होती. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाचे पाय पोलिओने गेलेले. जमीन, गाई, रेशीम सगळं सगळ्यांचं होतं. वर मालक कुणी नव्हता.

प्रेमाचे वडील विद्याधर विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होते. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते, आणि मग तिघांनी साताऱ्याला मोठ्या मुलाकडे, मधुकरकडे, जायचं असं ठरत आलं होतं. मधुकरने प्रेमासाठी मागची खोली रिकामी करून ठेवली होती. खोलीला खिडकी होती. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसे. प्रेमा एकदा तिथे राहून आली होती आणि त्या भिंतीबद्दल विचारण्यासारखं काही तिला सापडलं नव्हतं. तिला तिथे जायचं नव्हतं. डॉक्टरांनी या वस्तीचं नाव काढलं, तेव्हापासून तिने घरात एकच धरलं होतं, की मला ती बघायची आहे, आणि जमलं तर तिथे राहायचं आहे.

"राहा की," हंबीरराव म्हणाले. "पण आमची एक रीत आहे, ती आधीच सांगतो. आधी दोन-तीन महिने राहायचं, सगळी कामं करून बघायची. मग पेटी इथंच ठेवून एका संतेपासून पुढच्या संतेपर्यंत घरी जायचं." संते म्हणजे तिथला आठवड्याचा बाजार. "तू नसताना इथं कुणाचं काही अडलं, तर ज्याचं अडलं तो स्वतः तुला न्यायला येणार. आणि काय अडलं, ते तुझ्या घरच्यांसमोर सांगणार."

"आणि कुणाचंच नाही अडलं तर?" सुलभाताईंनी विचारलं.

"तर तुम्ही येऊन पेटी घेऊन जायची."

"हे जरा कठोरच नाही का हो?"

"आहे की, ताई. पण कीव म्हणून ठेवून घेतलं, तर मग रोज ताटात कीवच वाढावी लागते. ती जेवून जेवूनच आम्ही सगळे इथं आलोय."

"कुणासाठी... कुणीच... गेलं नाही... असं... झालंय?" प्रेमाने विचारलं. हंबीरराव शेवटच्या शब्दापर्यंत थांबले.

"झालंय. तो बघ रत्नाकर, गोठ्यात. पहिल्या खेपेला कुणी गेलं नाही त्याला आणायला. रडत पेटी घेऊन गेला. पुढच्या वर्षी परत आला, गाईंचं शिकला. त्या खेपेला मी स्वतः गेलो. तो नाही म्हणून गाय पान्हा सोडीना!"

प्रेमाला मात्र पुढचं वर्ष नव्हतं. पुढच्या वर्षी ती साताऱ्याला त्या भिंतीसमोर असणार होती.

पहिल्यांदा तिला स्वयंपाकघरात घातलं. तिथे भाग्यलक्ष्मीचं राज्य होतं. भाग्यलक्ष्मीला पाय नसल्यासारखेच होते. ती चाकं लावलेल्या एका बुटक्या फळीवर बसून चुलीकडून कोठीकडे आणि कोठीकडून चुलीकडे अशी सुसाट जाई, की धडधाकट माणसाने बाजूला व्हावं. प्रेमाने हुळीचं पातेलं उतरवायला घेतलं आणि निम्मी आमटी जमिनीवर गेली.

"राहू दे बाई," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आज जमिनीचं जेवण आधी झालं."

"अक्का... नाचणीचे... मुद्दे... गोलच... का... करायचे?"

"गोल नाही तर काय चौकोनी करू?" भाग्यलक्ष्मीने हातातला मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गरम गोळा, परातीत आपटला, मग त्याच्याकडे बघतच राहिली. "अगं, खरंच का गं? माझ्या आईला पण कधी विचारलं नाही मी."

मग अबोलीचे गजरे करून बघितले. दोऱ्यात फुलांपेक्षा गाठी जास्त झाल्या. कोंबड्यांना दाणे टाकून बघितले. दाणे कोंबड्या सोडून सगळीकडे पडले. कुणी तिच्यावर ओरडलं नाही, पण तिच्यावाचून कुणाचं काही अडेल असंही तिला कुठे दिसेना. सगळी कामं ती येण्याआधी चालली होती आणि ती नसली तरी चालणार होती. मग पाय आपोआप रेशीमघराकडे वळू लागले, कारण मल्हारराव विचारू देत असे.

तिने त्याला खूप विचारलं. आयुष्यात चार वेळा किडा खाणं थांबवतो, डोकं वर करून निजतो आणि कात टाकतो. त्या निजेला तिकडचे शेतकरी ज्वर म्हणतात. ज्वर आला की खोलीतला पाऊस हळूहळू थांबतो. तेव्हा पाला टाकायचा नाही. उठले की पुन्हा पाऊस सुरू. मल्हाररावला हे सगळं कानांनी कळे.

"आणि... ही... दोरी?" एक दिवस प्रेमाने विचारलं.

मल्हाररावच्या बसायच्या जागेपाशी भिंतीतल्या भोकातून एक काथ्याची दोरी आत आलेली होती.

"ही पाल्याची दोरी. भिंतीपलीकडं गुंडू बसतो, पाला निवडत. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मला दिसत नाही. मी हाका मारून काय उपयोग, आणि त्यानं हातवारे करून तरी काय? म्हणून ही दोरी काढली. एक टोक माझ्याकडं, दुसऱ्याचा फास त्याच्या मनगटात. पाऊस विरळ व्हायला लागला की समजायचं, पाला संपत आला. मी एकदा ओढतो. तो तिकडून दोनदा ओढतो. म्हणजे 'आणतो' म्हणाला. आणि पाटी घेऊन येतोच की! आजवर चुकलेला नाही."

"आणखी... काय... बोलता... तुम्ही?"

"कोण, मी आणि गुंडू? बोलणार कसं? एका छपराखाली इतकी वर्षं काढली, पण त्याला बायको आहे का नाही, ते मला ठाऊक नाही."

प्रेमाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. रोज एकमेकांबरोबर काम करणारी दोन माणसं, आणि एकमेकांबद्दल काहीच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती भिंतीपलीकडे गेली.

गुंडू चाळिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस होता. वस्तीवरचे लोक त्याच्याशी जेवण, पाणी, गाय, चल, बस एवढ्या खुणांनी बोलत. पण त्याच्याकडे खुणा पुष्कळ होत्या, कुणी विचारल्या नव्हत्या इतकंच. मल्हाररावची खूण होती डोळे मिटून मिशीवर बोट फिरवणं. हंबीररावांची, एक हात पाठीमागे. प्रेमाने आपली खूण कोणती म्हणून विचारलं, तर त्याने पंजा उताणा करून "काय?" असा फिरवला आणि खांदे हलवून हसला. तिचं नावच त्याने 'काय' ठेवलं होतं. प्रेमाचे हात थरथरत, तिच्या खुणा दुसऱ्या कुणाला कळल्या नसत्या. गुंडूला कळत. तो जन्मभर लोकांच्या हातांकडेच बघत आला होता.

मग तिचं येणंजाणं सुरू झालं. मल्हाररावने विचारलं, याला बायको आहे का. गुंडूने सांगितलं, होती, मूल होईना म्हणून माहेरी गेली, पण अजून बाजारात भेटली की केळी देते. गुंडूने विचारलं, म्हाताऱ्याला स्वप्नं दिसतात का. मल्हाररावने मिशीला पीळ दिला. "दिसत नाहीत, ऐकू येतात," तो म्हणाला. "काल माझ्या आत्याचा आवाज आला. ओरडत होती." हे प्रेमाने जाऊन खुणांनी सांगितलं, तेव्हा गुंडूने आत्या कशावरून ओरडत होती ते विचारून घ्यायला तिला परत पाठवलं. एक पीक निघालं, दुसरं आलं. दोघा पुरुषांना एकमेकांचं इतकं काही कळलं, की भाग्यलक्ष्मी फळीवरून जाता जाता म्हणे, "लग्न ठरवतेयस का गं यांचं?"

एक दिवस प्रेमा गुंडूशेजारी पाल्याच्या ढिगापाशी बसली होती. दोरी ताणली गेली. गुंडूने हसून दोनदा ओढली आणि पाटी उचलली. प्रेमाच्या लक्षात आलं, की पाटी आधीच भरलेली होती.

पाला कधी न्यायचा हे तुला कसं कळतं, तिने खुणेने विचारलं.

गुंडूने भिंतीतली जाळी दाखवली. जाळीतून पलीकडची ताटं स्वच्छ दिसत होती. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, की तो पाटी घेऊन निघे.

मग ही दोरी कशाला?

गुंडूने डोळे मिटून मिशीवर बोट फिरवलं, मग छातीवर हात ठेवला. म्हातारा विचारतो, आहेस का. मी सांगतो, आहे.

प्रेमाला इतकी गंमत वाटली, की ती पडत झडत पलीकडे गेली. एवढी वर्षं एक जण दोरीने पाला मागवत होता, आणि दुसरा ती दोरी म्हणजे ख्यालीखुशाली समजत होता! आणि दोघांची वेळ नेहमी जुळत असल्यामुळे हे कधी उघडच झालं नव्हतं. एखादा दुर्मीळ किडा सापडावा तसं तिने ते मल्हाररावसमोर ठेवलं.

मल्हाररावने दोरी चाचपून हातात घेतली. खोलीत पाऊस पडत राहिला.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "तो माझ्या सांगण्यावरून येतच नव्हता."

"नाही... जाळीतून... बघून..."

"मग मी इथं कान लावून बसत होतो, ते कुणासाठी?"

मल्हाररावने दोरी हातातून सोडून दिली. ती भिंतीला लोंबत राहिली. त्या दिवशी त्याने ती पुन्हा धरली नाही. पाटी मात्र नेहमीच्या वेळेला आली, त्यानंतरचीही आली, आणि प्रत्येक पाटीबरोबर त्याची मान आणखी खाली गेली. गुंडूने मनगटातला फास दोन-तीनदा तपासला. दोरी कुठे अडकली का ते बघितलं. प्रेमाला त्याने खुणेने विचारलं, म्हाताऱ्याला काय झालं? तिचे हात त्या वेळी इतके थरथरत होते, की गुंडूलासुद्धा काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी संते होती. प्रेमाची घरी जायची वेळ झाली.

"बघ बाई," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तिने शिदोरीत दोन मुद्दे बांधून दिले होते, गोल. "चालता गाडा थांबवून निघालीस. आता तुला न्यायला येणार कोण?"

घरी सामानाची बांधाबांध चालली होती. पोती, सुतळी, वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या. प्रेमा खिडकीशी बसून राही. सुलभाताईंनी एकदा तिच्याजवळ बसून विचारलं, "झालं काय तिथे?"

"मी... एक..."

"एकटं वाटलं का तुला? मला वाटलंच होतं."

प्रेमाने थरथरता हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. थांब, असा. सुलभाताई थांबल्या. सुतळीचं बंडल त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं. प्रेमाने सगळं सांगितलं, पावसासारख्या आवाजापासून लोंबणाऱ्या दोरीपर्यंत. दूधवाला येऊन गेला, कुकर न लावताच राहिला, पण मध्ये कुणी बोललं नाही. शेवटी सुलभाताईंनी विचारलं, "मग आता ते म्हातारे तिथे नुसते बसून असतात का गं?"

आईने स्वतःला उत्तर माहीत नसलेला प्रश्न तिला कधी विचारल्याचं प्रेमाला आठवत नव्हतं. "ठाऊक... नाही," ती म्हणाली, आणि तिला फार वाईट वाटलं.

पुढची संते उजाडली. विद्याधरांनी पेटी आणायला कारखान्यातल्या एका स्नेह्याची मोटार सांगून ठेवली होती. ते बूट घालत होते, तेवढ्यात फाटकाशी मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज आला.

"हेच की नाही विद्याधरांचं घर? का परत दुसऱ्याच कुणाकडं कॉफी पिऊ?"

फाटकात मल्हारराव आणि गुंडू उभे होते. मल्हाररावच्या उजव्या मनगटाला आणि गुंडूच्या डाव्या मनगटाला तीच काथ्याची दोरी बांधलेली होती. दोघांच्या अंगावर धुतलेले सदरे होते आणि दोघेही घामाघूम झाले होते.

"मार्केटात बस बदलली," मल्हारराव सांगू लागला. "मी लोकांना विचारायचं, यानं बघायचं. मी म्हणायचो डावीकडं, हा ओढायचा उजवीकडं. दोन घरं चुकलो. चूक कुणाची, ते याला विचारून सांग मला आधी!"

"या, या, बसा," विद्याधर म्हणाले.

"बसायच्या आधी सांगायची रीत आहे." मल्हारराव ओसरीवर ताठ उभा राहिला. प्रेमा दाराला धरून उभी होती. तिच्या मागे आई.

"काम काही अडलं नाही," मल्हारराव म्हणाला.

सुलभाताई उंबरा ओलांडून पुढे आल्या.

"खोटं कशाला सांगू? पाला वेळेवर आला. किडे पिकले, कोष धरायला लागलेत. आता त्यांना माणूस लागत नाही, म्हणून तर दोघं निघालो. तू नव्हतीस म्हणून एक पान वाळलं नाही."

"मग?" सुलभाताईंनीच विचारलं.

"मला राग आला होता, ताई. दोरीला हात लावायचा नाही असं ठरवलं. तर हा आला, आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. ज्वर आला का बघायला! मी म्हटलं, काही नाही रे बाबा, जा. याला ऐकू येणार कसं? थोड्या वेळानं परत हात. मग कॉफी आणली. मग काढा. भाग्यलक्ष्मीचा काढा, ताई! किडा पडला तर मरेल असा. नको म्हटलं तर हा नाक दाबतो. सकाळी काढा, दुपारी काढा. शेवटी वैतागून ओढली एकदाची दोरी. तर पलीकडून लगेच दोनदा. आणि काढा बंद!"

विद्याधर हसू दाबायचा प्रयत्न करत होते. गुंडू सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

"तेव्हापासून माझ्या डोक्यात एक बसलंय. 'आहे' म्हणायला एकदा ओढून भागतं की. हा दोनदा का ओढतो? भाग्यलक्ष्मीला म्हटलं, विचार. ती म्हणाली, मला सगळ्या वस्तीचा स्वयंपाक आहे, तुमच्या दोऱ्या तुम्ही बघा. रत्नाकरला म्हटलं. त्यानं विचारलं न विचारलं आणि 'बरं आहे म्हणतो' असं सांगून गाईकडं गेला. सभेत हंबीररावांनी विचारलं, कुणाचं काय अडलंय का. मी म्हटलं, माझा प्रश्न अडलाय. सगळे हसले. हंबीरराव म्हणाले, मल्हारराव, प्रश्न अडला म्हणजे काम अडलं का? मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. माझं अडलंय, मी जातो. तर म्हणाले, सरी, बरं तर, ज्याचं अडलंय त्यानं जायचं, तीच रीत आहे. आणि हा आपला दोरी बांधून मागं आला. याला काय कळलं कुणास ठाऊक."

गुंडूने त्या वेळी प्रेमाकडे बघून पंजा उताणा केला आणि फिरवला. मग डोळे मिटून मिशीवर बोट फिरवलं आणि पुन्हा तिच्याकडे बोट केलं. त्यालाही म्हाताऱ्याला काहीतरी विचारायचं होतं.

"विचार की आता!" मल्हारराव म्हणाला. "एवढ्या बस बदलून आलोय."

प्रेमाने दार सोडलं. तिचे हात थरथरत होते, पण गुंडूला समजलं. त्याने दोरी धरून एक हिसका दिला आणि छातीवर हात ठेवला. दुसरा हिसका दिला आणि मल्हाररावच्या पाठीवर, लहान मुलाला निजवताना थोपटतात तसं थोपटलं.

प्रेमा हसायला लागली. हसू आलं, की तिला बोलायला आणखी वेळ लागे.

"काय म्हणतो?" मल्हारराव ओरडला.

"तो... म्हणतो..."

सुलभाताईंचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"पहिला... झटका... मी... आहे. दुसरा... घाबरू... नको."

"घाबरू?" मल्हाररावच्या मिशा थरारल्या. "कोण घाबरतं? मी? कुणाला, किड्यांना? इतकी वर्षं हा मला घाबरू नको म्हणून सांगत होता? त्याला सांग, माझ्या आजानं एकट्यानं बिबट्या मारलाय! सांग!"

गुंडूने त्याच्या हलत्या मिशांकडे बघितलं आणि प्रेमाला काहीतरी विचारलं.

"तो... विचारतो... म्हातारा... का... ओरडतोय."

"विचारतो! वर विचारतो! बिबट्याचं सांगितलंस का आधी?"

"बिबट्याची... खूण... मला... येत नाही."

"मग शीक! किती कामं पडलीत बघ, आणि ही इथं बसलीय."

प्रेमा आईकडे वळली. "आई... पेटी... तिथंच... राहू दे. माझी... शाल... दे."

विद्याधरांनी एक बूट घातला होता, दुसरा हातातच होता. "आणि सातारा?" त्यांनी बायकोकडे बघून विचारलं.

"साताऱ्याला आपण दोघं जाऊ," सुलभाताई म्हणाल्या आणि शाल आणायला आत गेल्या. त्यांना यायला जरा वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा हातात शालीबरोबर चिवड्याचा डबाही होता. "हा त्या भाग्यलक्ष्मीबाईंना दे. आणि मल्हारराव, एक विचारू? कोष धरताना पण आवाज येतो का हो त्यांचा?"

मल्हाररावने आवाज एकदम खाली आणला. "येतो की, ताई," तो म्हणाला. "पण फार बारीक. या एकदा ऐकायला."

मोटार पाठवून दिली. तिघं बसनेच निघाले, कारण गुंडूला परतीच्या वाटेच्या खुणा बघायच्या होत्या. मार्केटात बस बदलली. मल्हारराव आणि गुंडू पुढच्या बाकावर बसले, त्यांच्यामध्ये दोरी सैल पडली होती. प्रेमा मागच्या बाकावर होती. बनशंकरीचं देऊळ मागे पडलं, नाचणीची रानं सुरू झाली. मल्हाररावने तोंड समोर ठेवूनच दोरी एकदा ओढली.

गुंडू खिडकीबाहेर बघत होता. त्याने तिकडेच बघत उलट ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा.

मल्हारराव ताडकन मागे वळला. "तीन? आता तीन कशाला? प्रेमा, विचार बघू त्याला!"

"स्वल्प... थांबा, अण्णा. उतरल्यावर."

बस धक्के खात चालली होती. अशा धक्क्यांत तिच्या हातांना खुणा जमल्या नसत्या. पण तिसरा झटका कशाचा होता, ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ती पुढच्या बाकावर हनुवटी टेकून गुंडूच्या मनगटाकडे बघत राहिली.